घरकारभार : फ्रीझर बिघडला, तर आधी काय पाहावे?



उन्हाळा सुरू झाला की या सदराकडे एक प्रश्न हमखास येतो. शहापूर, किन्हवली, मुरबाड, सरळगाव या भागांतील भगिनी विचारतात, ‘फ्रीझर थंड होत नाही. कारागीर म्हणतो, कॉम्प्रेसर गेला. दुरुस्त करावा की नवा घ्यावा?’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. कारण ‘दुरुस्ती की खरेदी’ हा दुसरा प्रश्न आहे. त्याच्या आधीचा प्रश्न आहे, ‘नेमके बिघडले आहे काय?’ तो न विचारल्याने काय होते, हे मी आमच्याच नात्यात पाहिले आहे.

तीन वर्षांपूर्वीची मे महिन्यातील गोष्ट. मुरबाडला आमच्या आत्याबाईंच्या घरी, दुकानामागच्या खोलीत, वरून उघडणारा पेटीसारखा डीप फ्रीझर आहे. घरचा सोललेला मटार, किसलेले खोबरे आणि दुकानाच्या आइस्क्रीमचा जादा साठा त्यातच असतो. एका संध्याकाळी यंत्र थांबले. थोड्या थोड्या वेळाने ‘टक्’ असा आवाज येई, क्षणभर घरघर होई आणि पुन्हा ‘टक्’ होऊन सारे शांत. बोलावलेल्या कारागिराने दहा मिनिटांत निकाल दिला, ‘कॉम्प्रेसर जळाला.’ लग्नसराईचे दिवस, आतला माल वितळू लागलेला. आत्याबाईंच्या यजमानांनी फारसा विचार न करता होकार दिला. नवा कॉम्प्रेसर बसला, पैसे दिले गेले आणि आठ आठवड्यांनी तोच ‘टक्’ पुन्हा ऐकू येऊ लागला.

या वेळी शेजारच्या वायरमनला बोलावले. त्याने फ्रीझर उघडलाच नाही. भिंतीवरच्या सॉकेटमध्ये मीटरच्या दोन तारा घातल्या आणि आकडा दाखवला. संध्याकाळी सात वाजता तेथे एकशे साठ व्होल्ट होते. घरगुती वीज दोनशे तीस व्होल्टच्या आसपास असावी लागते. इतक्या कमी दाबावर कॉम्प्रेसरची मोटर सुरूच होऊ शकत नाही. ती जोर लावते, तापते आणि तिचे रक्षण करणारा ओव्हरलोडचा कट-आउट तिला बंद पाडतो. तोच तो ‘टक्’. चांगला स्टॅबिलायझर बसवल्यावर तोच फ्रीझर आजतागायत सुरळीत चालला आहे. पहिला कॉम्प्रेसर खरोखर जळाला होता की नाही, हे आता कळण्याचा मार्ग नाही, कारण तो केव्हाच भंगारात गेला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, या म्हणीचा अर्थ आम्हाला त्या उन्हाळ्यात भरपूर पैसे मोजून कळला.

म्हणून माझे सांगणे इतकेच आहे, की दुरुस्ती कारागिराने करावी. परंतु प्राथमिक परीक्षा घरच्या माणसांनी करावी आणि निर्णय माल वितळण्याच्या घाईत न घेता हिशोबाने घ्यावा.

यंत्राचे काम थोडक्यात

फ्रीझर थंडी ‘निर्माण’ करीत नाही. तो आतील उष्णता उचलून बाहेर टाकतो. कॉम्प्रेसर गॅस दाबतो. दाबलेला तप्त गॅस मागच्या किंवा बाजूच्या जाळीतून जाताना आपली उष्णता खोलीत सोडतो व द्रवरूप होतो. मग तो आतील नळ्यांत शिरून पुन्हा वायुरूप होताना आतली उष्णता शोषून घेतो. हे चक्र बंद नळ्यांत चालते. यावरून दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, बाहेरची उष्णता निघून जाण्यास जागा नसेल, तर आत थंडावा येणार नाही. दुसरी, गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो कमी झाला असेल, तर नळीला कोठेतरी छिद्र पडले आहे.

घरच्या घरी करावयाची परीक्षा

अजिबात सुरू होत नसेल, तर प्रथम त्याच सॉकेटमध्ये दुसरे एखादे उपकरण लावून पाहावे. एमसीबी पडला आहे का, प्लगच्या पिना काळवंडल्या आहेत का, दोर उंदरांनी कुरतडला आहे का, हे पाहावे. धान्याच्या गोदामाला लागून घर असेल, तर उंदरांची शंका आधी घ्यावी.

‘टक्’ आवाज येऊन बंद पडत असेल, तर व्होल्टेज पाहावे. सॉकेटमध्ये लावून आकडा दाखवणारा छोटा व्होल्टमीटर विजेच्या दुकानात स्वस्तात मिळतो. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी सातच्या सुमारास, असे तीन आकडे लिहून ठेवावेत. आपल्या तालुक्यांत वस्त्या विखुरलेल्या, डीपी दूर आणि तारा रानातून गेलेल्या. त्यामुळे शेवटच्या घरापर्यंत पोहोचताना दाब घसरतो व पावसाळ्यात फांदी पडली की वीज येते-जाते. व्होल्टेज ठीक असूनही आवाज येत असेल, तर रिले, कपॅसिटर किंवा ओव्हरलोड यांतील दोष संभवतो. हे भाग कॉम्प्रेसरच्या तुलनेत फारच स्वस्त असतात. म्हणून ‘कॉम्प्रेसर गेला’ असे ऐकताच ‘रिले बदलून पाहिला का?’ असे विचारण्यास संकोच करू नये.

यंत्र सतत चालते पण थंडावा कमी, अशी तक्रार असेल, तर तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, दाराचे रबर. दारात कागदाची पट्टी धरून दार बंद करावे व पट्टी ओढावी. ती सहज निघून आली, तर तेथून हवा शिरते. चारही बाजूंनी ही परीक्षा करावी. पुष्कळदा रबर फाटलेले नसते, केवळ चिकट मळाने भरलेले असते. कोमट पाणी व साबणाने ते पूर्ववत होते. दुसरी, मागची जाळी. आपल्या घरांत दुकानाचे पीठ, डाळीची धूळ आणि गोणपाटाचे तंतू उडत असतात. जाळीवर त्यांचा थर बसला की उष्णता बाहेर पडत नाही. प्लग काढून मऊ ब्रशने ती स्वच्छ करावी व यंत्र भिंतीपासून वीतभर पुढे ठेवावे. तिसरी, मालाची रचना. गरम भांडे आत ठेवणे किंवा डबे ठासून भरणे, यामुळेही थंडावा सर्वत्र पोहोचत नाही.

या तिन्ही गोष्टी ठीक असतील, तर आतल्या बर्फाकडे पाहावे. साध्या फ्रीझरमध्ये नळ्यांच्या एका कोपऱ्यातच दव धरते, उरलेला भाग कोरडा राहतो आणि मागची जाळीही जेमतेम कोमट लागते, तेव्हा गॅस कमी झाल्याची शंका घ्यावी. मात्र पेटीसारख्या अनेक डीप फ्रीझरमध्ये उष्णता सोडणाऱ्या नळ्या बाजूच्या पत्र्याआडच असतात. त्यामुळे बाहेरून बाजू गरम लागणे हा दोष नसून यंत्र काम करीत असल्याची खूण आहे.

फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये वरचा कप्पा बरा आणि खालचा गरम, असे झाले, तर बहुधा आतला पंखा किंवा बर्फ वितळवणारी यंत्रणा बिघडलेली असते. मागच्या पडद्याआड बर्फाची भिंत तयार होते आणि थंड हवा खाली उतरत नाही. याची परीक्षा सोपी आहे. सर्व सामान काढून, प्लग काढून, दार उघडे ठेवून फ्रीज चोवीस तास तसाच ठेवावा. पुन्हा सुरू केल्यावर चार-सहा दिवस उत्तम चालून तीच तक्रार आली, तर हीटर, सेन्सर किंवा टायमर यांपैकी एक दोषी समजावा. ही मध्यम खर्चाची दुरुस्ती आहे. यात गॅस भरण्याचा काहीही संबंध नाही.

याउलट खालच्या कप्प्यातील भाजी गोठू लागली, तर अनेकांना वाटते, की फ्रीज फार चांगला चालला आहे. शहापूरला आमच्या घरी असेच झाले. दुधावर बर्फाचे पापुद्रे येत होते आणि आम्ही कौतुक करीत होतो. त्याच कप्प्यात सासूबाईंचे इन्शुलिन होते. डॉक्टरांनी सांगितले, की न उघडलेले इन्शुलिन दोन ते आठ अंशांत ठेवावे. एकदा गोठलेले इन्शुलिन पुन्हा वितळले, दिसायला स्वच्छ असले, तरी त्याचा भरवसा राहत नाही. ते टाकूनच द्यावे. दोष होता एका थर्मोस्टॅटचा. भाग लहानसा, पण सासूबाईंची साखर आठ दिवस का वाढत होती, याचे उत्तर त्यात होते. ज्या घरात मधुमेही ज्येष्ठ आहेत, त्यांनी फ्रीजमध्ये एक छोटा तापमापक ठेवावा. फ्रीझरचे तापमान उणे अठरा अंशांच्या आसपास असावे आणि इन्शुलिनच्या कप्प्यात ते दोनच्या खाली जाऊ नये.

दोन इशारे द्यावेसे वाटतात. साचलेला बर्फ सुरीने किंवा उलथन्याने कधीही खरवडू नये. आतील ॲल्युमिनियमची नळी पातळ असते. तिला टोक लागले की क्षणात गॅस निघून जातो आणि बर्फ काढण्याच्या पाच मिनिटांची घाई संपूर्ण यंत्राला भोवते. तसेच दाराला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर ते ‘थोडेसे करंट’ म्हणून सोडून देऊ नये. ताबडतोब मुख्य स्विच बंद करून वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे.

कारागिराला काय विचारावे?

कारागीर हा आपला शत्रू नव्हे. कल्याणहून किंवा ठाण्याहून माणूस आमच्याकडे येतो, तेव्हा त्याचा अर्धा दिवस प्रवासात जातो. एकाच फेरीत काम उरकण्याची त्याला घाई असते, हे समजून घ्यावे. फोन करतानाच लक्षणे, व्होल्टेजचे आकडे आणि यंत्राच्या मागील पट्टीवरील मॉडेल क्रमांक सांगितला, तर तो योग्य भाग सोबत आणतो व दुसरी फेरी वाचते.

‘गॅस भरावा लागेल’ असे त्याने सांगितले, तर विचारावे : गळती कोठे सापडली? तेथे टाका मारणार का? फिल्टर बदलणार का? गॅस भरण्यापूर्वी व्हॅक्यूम करणार का? या चारही गोष्टी न करता नुसता गॅस भरला, तर तो काही महिन्यांत पुन्हा निघून जाईल आणि आपण त्याच खर्चाला दुसऱ्यांदा सामोरे जाऊ. कोणता गॅस भरणार, हेही विचारावे. नव्या पुष्कळ फ्रीजमध्ये आर-६००ए हा गॅस असतो. ओझोनला तो अपाय करत नाही. मात्र तो ज्वलनशील आहे. पट्टीवर हे नाव असेल, तर काम खिडक्या उघडून, देव्हाऱ्यातील दिवा व गॅसची शेगडी विझवून, जाणकार माणसाकडूनच करून घ्यावे. गॅस वजन करूनच भरावा आणि पट्टीवर लिहिलेल्या गॅसऐवजी दुसरा भरू देऊ नये. काढलेला जुना भाग परत मागावा आणि बिलावर बदललेल्या भागाचे नाव व हमीची मुदत लिहून घ्यावी.

दुरुस्ती की नवी खरेदी?

आता व्यापाऱ्याच्या घरी शोभेल असा हिशोब मांडू. रबर, थर्मोस्टॅट, रिले, पंखा, हीटर यांपैकी काही गेले असेल, तर यंत्र जुने असले तरी बहुधा दुरुस्तीच करावी. बाहेरून दिसणाऱ्या सांध्यातून गळती असेल आणि यंत्राचे वय सात-आठ वर्षांच्या आत असेल, तरीही दुरुस्ती परवडते. परंतु गळती भिंतीच्या फोममधील नळीत असेल, किंवा दहा-बारा वर्षांच्या यंत्राचा कॉम्प्रेसर खरोखर जळाला असेल, तर खर्च पाण्यात जाण्याची भीती अधिक. सर्वसाधारण संकेत असा, की दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होत असेल आणि यंत्राने निम्म्याहून अधिक आयुष्य घालवले असेल, तर नवे घ्यावे. कॉम्प्रेसरची हमी पुष्कळदा दीर्घ मुदतीची असते. मात्र गॅस, मजुरी व इतर भाग तिच्यात येतात की नाही, हे हमीपत्रात वाचूनच होकार द्यावा.

या हिशोबात विजेचा खर्च बहुतेक जण धरत नाहीत. समजा, जुना फ्रीझर दिवसाला अडीच युनिट घेतो आणि नवा एक युनिट. फरक दीड युनिटचा, म्हणजे वर्षाला सुमारे ५४७ युनिट. आपल्या बिलात युनिटमागे दहा रुपये पडत असतील, तर वर्षाला सुमारे साडेपाच हजारांचा फरक झाला. नवा घेताना ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची ताऱ्यांची पट्टी पाहावी. ही योजना २००६ पासून सुरू आहे. ताऱ्यांबरोबर त्या पट्टीवर वर्षाकाठी किती युनिट लागतील, हा आकडाही छापलेला असतो. तोच खरा वाचावा. कारण ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक होत असतात आणि दहा वर्षांपूर्वीचे पाच तारे आजचे पाच तारे नव्हेत. मात्र फरक दिवसाला पाव युनिटाचाच असेल, तर केवळ वीज वाचवण्यासाठी चांगले यंत्र काढून टाकण्यात शहाणपण नाही.

जुने यंत्र भंगारवाल्याला देताना तो दारातच नळी कापतो आणि गॅस हवेत सोडतो. फार जुन्या यंत्रांतील आर-१२ हा गॅस ओझोनला घातक आहे. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर जगभरात त्याचा वापर टप्प्याटप्प्याने बंद झाला. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार फ्रीजही ई-कचऱ्यात मोडतो. म्हणून नवा घेताना जुना परत घेण्याची व्यवस्था दुकानदाराला विचारावी, किंवा तो नोंदणीकृत संस्थेकडेच द्यावा. कंपनी हमी नाकारत असेल किंवा सुटे भाग देण्यास टाळाटाळ करीत असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

वीज गेली, तर मालाचे काय?

दार उघडले नाही, तर भरलेला फ्रीझर सुमारे अठ्ठेचाळीस तास व अर्धा भरलेला सुमारे चोवीस तास थंडी धरून ठेवतो. मे महिन्यातील पत्र्याच्या खोलीत ही मुदत कमी समजावी. तीर्थयात्रेला किंवा लग्नाला चार दिवस बाहेरगावी जाताना एक युक्ती करावी. वाटीभर पाणी फ्रीझरमध्ये गोठवून त्यावर नाणे ठेवावे. परतल्यावर नाणे वरच असेल, तर निश्चिंत राहावे. ते तळाशी गेले असेल, तर मागे सारे वितळून पुन्हा गोठले आहे, असे समजावे. वीज परतल्यावर लगेच प्लग लावू नये. पाच मिनिटे थांबावे.

वितळून पुन्हा गोठलेले आइस्क्रीम विकू नये. डब्याचे झाकण लावलेले असते, गिऱ्हाइकाला काही कळत नाही, हे खरे. परंतु ते आइस्क्रीम खाणारे मूल कोणाचे तरी असते आणि आपली पेढी गावात तीन पिढ्यांच्या विश्वासावर उभी असते. मुरबाडला त्या उन्हाळ्यात आत्याबाईंच्या यजमानांनी सगळा साठा खड्ड्यात ओतला. कॉम्प्रेसरच्या खर्चाबद्दल ते आजही हळहळतात. त्या साठ्याबद्दल मात्र कधी बोलले नाहीत.

वर्षातून एकदा

आर्द्रा नक्षत्र लागताच आपल्या पुष्कळ घरांत आंबा बंद होतो, आमरसाचे डबे रिकामे होतात आणि फ्रीझर वर्षभरात सर्वांत मोकळा असतो. साफसफाईला याहून चांगला मुहूर्त नाही. त्या दिवशी प्लग काढून बर्फ आपोआप वितळू द्यावा, पाणी निघून जाण्याचे छिद्र मोकळे करावे, रबर धुवावे, जाळी झाडावी. पावसाळ्यातील विजांचा कडकडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवण्याची सवयही याच दिवसापासून लावावी.

आणि दिवाळीत नव्या वह्या सुरू होतात, तेव्हा घरखर्चाच्या वहीत एक पान फ्रीझरच्या नावे राखावे. खरेदीची तारीख, बिल, मॉडेल क्रमांक, हमीची मुदत, संध्याकाळचे व्होल्टेज आणि आजवरच्या दुरुस्त्या त्यावर लिहाव्यात. गिऱ्हाइकाची चार रुपयांची उधारी आपण लिहून ठेवतो. मग हजारो रुपयांच्या यंत्राची नोंद का नसावी? आत्याबाईंनी ते पान आता ठेवले आहे. त्याच्या पहिल्या ओळीत त्यांनी लिहिले आहे : ‘आधी मीटर, मग मिस्त्री.’